न बिघडलेल्या यंत्रांची दुरुस्ती

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या पट्ट्यात व्हिडिओ गेमची यंत्रं लावून द्यायच्या आणि दुरुस्त करायच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते: घरून बोलावणं येतं तेव्हा बहुतेकदा यंत्र बिघडलेलं नसतं. चित्र येत नाही, रंग धुतल्यासारखे दिसतात, कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापला जातो, बटण दाबल्यावर बॅट उशिरा फिरते, आवाज गेला, पैसे देऊन घेतलेल्या गेमला कुलूप लागलं, वडिलांच्या कार्डातून रक्कम कापली गेली. यांपैकी फार थोड्या तक्रारींना स्क्रूड्रायव्हर लागतो. बाकीच्यांचं मूळ मेनूत, सेटिंगच्या कुठल्या तरी तिसऱ्या-चौथ्या पानावर असतं. तरीही लोक यंत्राला दोष देतात, कंपनीला देतात, मुलाला देतात. सेटिंगकडे लक्ष जात नाही, कारण खोकं उघडल्या दिवशी ती एकदाची उरकून टाकायची असते असा समज आहे. मला म्हणायचं आहे ते एवढंच की कन्सोलची सेटिंग त्या-त्या घराच्या मापाने करावी लागते. घरातला टीव्ही, वीज, भिंती, वायफाय, पैशांचे व्यवहार आणि खेळणाऱ्यांची वयं, यांतलं काहीच यंत्र बनवणाऱ्या इंजिनिअरला ठाऊक असू शकत नाही. म्हणून ते काम घरातल्या जाणत्या माणसानेच अंगावर घेतलं पाहिजे.

हे आजचंच आहे असं नाही. नव्वदच्या दशकात रेल्वे क्वार्टर्सपासून चोळेगावच्या चाळींपर्यंत जे आठ-बिटी ‘टीव्ही गेम’ शिरले, मिताशीचे, मीडियाचे किंवा बिननावाचे, त्यांत मेनू नावाचा प्रकारच नव्हता. कॅसेट खोचायची, खटका दाबायचा, खेळायचं. सेटिंग एकच होती आणि तीही टीव्हीत: अँटेनाच्या जागी गेमची वायर लावून ट्यूनिंगचा नॉब सावकाश फिरवत चित्र पकडायचं. चित्र नाही सापडलं की मुलं कॅसेटमध्ये फुंकर मारायची, मोठी माणसं टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायची आणि यंत्र दुकानात परत जायचं. अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेलं यंत्र इथे काळंपांढरं दिसे, तेव्हाही फसवणूक झाल्याची भावना होई. खरं कारण वेगळं होतं. तिकडची यंत्रं एनटीएससी पद्धतीची, ५२५ रेषांची. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, ६२५ रेषांचे. दोन्ही उपकरणं धडधाकट असत, त्यांचं एकमेकांशी जमत नसे. त्या काळातच या धंद्याचा पहिला धडा मिळतो, आणि तो आजही तसाच लागू आहे: गेमचं यंत्र आणि टीव्ही ही दोन उपकरणं नाहीत, दोन्ही मिळून एक उपकरण होतं. एकाचीच तपासणी करणारा माणूस निम्मंच काम करतो.

२००० मध्ये जपानात आलेल्या प्लेस्टेशन २ ने मेनू घरात आणला. जगभरात १५ कोटींहून जास्त विकलं गेलेलं हे यंत्र आपल्याकडे फार वर्षं टिकलं. ‘क्रिकेट ०७’ ची सीडी झिजेपर्यंत चालली आणि २००९ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने त्यावर ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतीय बनावटीचा गेमही काढला. त्याच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये मोजून पाच-सहा नोंदी होत्या: घड्याळ, पडद्याचा आकार, ऑप्टिकल आवाज, कम्पोनंट व्हिडिओ, भाषा. एवढ्याशा यादीनेही पुष्कळ घरांत गोंधळ घातला. जाडजूड टीव्ही जाऊन चपटे आले, पण पडद्याचा आकार ४:३ वरच राहिला, आणि मग सगळे बॅट्समन आडवे पसरलेले दिसू लागले. कम्पोनंटची नोंद चुकून आरजीबीवर गेली की रंगांचा विचका होई आणि पिक्चर ट्यूब गेल्याचं निदान शेजारीच करून मोकळे होत. आतला नाण्याएवढा सेल संपला की यंत्र दर वेळी तारीख-वेळ नव्याने विचारी. त्यावरून यंत्राची ‘मेमरी उडाली’ असं ठरे, आणि खरी मेमरी, म्हणजे ८ एमबीचं कार्ड, शाबूत असूनही नवं विकत घेतलं जाई. सेल बदलायचा खर्च काही रुपयांचा. निदान चुकल्याचा खर्च त्याच्या कैक पट.

मोठं वळण आलं ते एचडीएमआयच्या वायरीबरोबर. आता यंत्र आणि टीव्ही एकमेकांशी बोलू लागले. टीव्ही आपल्याला काय झेपतं ते सांगतो, यंत्र त्याप्रमाणे चित्र पाठवतं. बोलणं जमलं तर उत्तम. फिसकटलं तर समोर काळा पडदा, आणि काळ्या पडद्यावर मेनू दिसत नाही, म्हणून माणूस हतबल होतो. हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर बसवलेलं रिझोल्यूशन बेडरूममधल्या जुन्या टीव्हीला झेपत नाही आणि कन्सोल ‘मेला’ असं समजून रिक्षात घालून दुकानात आणला जातो. यावरचा उपाय यंत्रातच ठेवलेला आहे. प्लेस्टेशन ३ बंद असताना पॉवरचं बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत दाबून धरलं की चित्राची सेटिंग मुळावर येते. प्लेस्टेशन ४ आणि ५ मध्ये तसंच दाबून धरलं की सेफ मोड उघडतो. तिथे कन्सोलचा रिमोट यूएसबीच्या वायरीने जोडावा लागतो आणि मग रिझोल्यूशन बदलता येतं. घरी बसून दोन मिनिटांत होणारं हे काम आहे. या धंद्यात त्याचे पैसे घेतले जातात, आणि पुष्कळ ठिकाणी ‘आयसी गेला होता’ असं सांगून घेतले जातात. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे: ज्या अज्ञानावर दुसऱ्याचं दुकान चालतं, ते दूर करायला दोन मिनिटं पुरतात.

इथे पहिला आक्षेप येतो. सगळं ऑटोमॅटिक ठेवा, यंत्राला कळतं, माणसाने कशाला डोकं घालायचं? हा आक्षेप निम्मा खरा आहे. रिझोल्यूशनसारखी गोष्ट ऑटोमॅटिकवर सोडणंच बरं. पण यंत्राला टीव्हीकडून जेवढं कळतं तेवढंच कळतं, आणि टीव्ही सगळं सांगत नाही. बरेच टीव्ही चित्राची कड मुद्दाम थोडी कापतात. जुन्या प्रसारणाच्या काळातली ती सवय आहे. कोपऱ्यातला स्कोअर दिसत नसेल तर एलजीच्या टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगच्या टीव्हीत ‘फिट टू स्क्रीन’ अशा नावाची नोंद माणसालाच शोधावी लागते. रंगांचंही तसंच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या यंत्र ० ते २५५ अशा पाठवू शकतं किंवा १६ ते २३५ अशा. पाठवणारा आणि घेणारा यांचा हिशेब जुळला नाही तर एक तर चित्र धुरकट दिसतं किंवा अंधारातला शत्रू अंधारातच राहतो. चांगले फोर के टीव्हीसुद्धा पुष्कळदा एचडीएमआयचं पोर्ट साध्या दर्जावर ठेवून येतात. ते टीव्हीच्या मेनूत जाऊन खुलं केल्याशिवाय एचडीआर किंवा सेकंदाला १२० फ्रेम मिळत नाहीत. फोर केमध्ये १२० फ्रेम हव्या असतील तर वायरही ४८ गिगाबिटची लागते. ती प्लेस्टेशन ५ च्या खोक्यातच असते, पण भिंतीवर टीव्ही लावताना मागून आधीच ओढलेली जुनी वायरच वापरली जाते. यंत्र बिचारं मिळेल त्या वाटेने जातं आणि तक्रार करत नाही, म्हणून कुणाला काही कळतही नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी आणि सर्वांत सोपी नोंद म्हणजे टीव्हीतला गेम मोड. आजचा टीव्ही चित्र गुळगुळीत करतो, कडा उठावदार करतो, रंग चढवतो, आणि या रंगसफेदीला वेळ लागतो. सिनेमा पाहताना त्याने काही बिघडत नाही. पण सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची असते. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर खेळणारा सहा फ्रेम मागे असतो. क्रिकेटच्या गेममध्ये एवढ्यात त्रिफळा उडतो. मुलगा म्हणतो रिमोट खराब आहे, वडील म्हणतात लक्ष नाही, नवा रिमोट येतो, तोही तसाच चालतो. गेम मोड लावला की टीव्ही ही रंगसफेदी सोडून देतो आणि बॅट वेळेवर फिरते. आवाजाचंही असंच. यंत्रातून आवाज डॉल्बी बिटस्ट्रीमवर ठेवला आणि टीव्हीला किंवा साउंडबारला ते उलगडता येत नसेल, तर आवाज मुळीच येत नाही. लिनिअर पीसीएम निवडलं की येतो. या उदाहरणांत एकही पार्ट बदललेला नाही. दोन उपकरणांच्या मधली बोलणी कुणीतरी बसून जुळवली, एवढंच झालं.

विजेची गोष्ट ठाकुर्लीत वेगळी सांगायला नको. रेल्वेच्या विजेसाठी १९२९ मध्ये सुरू झालेलं चोळ्याचं पॉवर हाऊस याच गावात होतं, आणि तरी मुंबईत दिवे लखलखत असताना इथल्या घरांनी लोडशेडिंगची वर्षं मेणबत्तीवर काढली. आता ते दिवस नाहीत, पण पावसाळ्यात, वादळवाऱ्यात लाइट जाणं-येणं चालूच असतं. कन्सोल बनवणारे मात्र वीज अखंड आहे असं धरून चालतात. रेस्ट मोडमध्ये यंत्र झोपलेलं दिसतं, पण चालू गेम मेमरीत तसाच धरून ठेवलेला असतो आणि डाउनलोड चालू असतं. त्या वेळी लाइट गेली की सेव्ह न केलेला खेळ जातो. हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असेल तर पुढच्या वेळी यंत्र ‘नीट बंद केलं नव्हतं’ म्हणून सुनावतं आणि डिस्क तपासायला बसतं. हे पुन:पुन्हा झालं की हळूहळू डिस्क खरोखर खराब होते. म्हणून ज्या घरात लाइटचा भरवसा नाही तिथे रेस्ट मोड बंद ठेवावा, किंवा छोटा यूपीएस लावावा. बिलाची भीती मात्र अनेकदा उगाच घातली जाते. २०० वॉट खाणारं यंत्र रोज दोन तास चाललं तर महिन्याला १२ युनिट होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे काठावर असलेल्या घराने या १२ युनिटचा विचार जरूर करावा. पण बिल दुप्पट झालं तर दोष एसीकडे पाहून ठरवावा, कन्सोलकडे पाहून नव्हे.

इंटरनेटच्या बाबतीत लोक उलट टोकाला जातात. जिथे सेटिंगने काही होत नाही तिथे ते भरपूर सेटिंग करतात. डीएनएसचे आकडे बदलायचे, एमटीयूचा कुठलासा जादूचा आकडा टाकायचा, राउटर उलटा ठेवायचा. यातल्या बहुतेक गोष्टींनी पिंग कमी होत नाही, कारण अडचण दुसरीकडे असते. २०१३ चा मूळ प्लेस्टेशन ४ फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच. नव्वद फुटी रस्त्यावरच्या एखाद्या इमारतीत मजल्यावर चार-सहा फ्लॅट आणि प्रत्येकात राउटर असला की या तीन चॅनलची गर्दी संध्याकाळच्या डोंबिवली लोकलसारखी होते. त्यावर उपाय म्हणजे राउटरपासून कन्सोलपर्यंत साधी लॅनची वायर. ती दिसायला बरी दिसत नाही म्हणून घरातून विरोध होतो, आणि मग महागडा राउटर घेतला जातो. मित्राचा आवाज ऐकू येत नाही, खेळात घेतलंच जात नाही, अशा तक्रारीमागे पुष्कळदा केबलवाल्याने अनेक घरांना मिळून दिलेला एकच पत्ता असतो. यंत्र त्याला एनएटी टाइप ३ म्हणतं. ते कन्सोलच्या मेनूतून सुटत नाही. केबलवाल्याकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागावा लागतो. सेटिंगचं महत्त्व सांगणाऱ्याने हेही सांगितलं पाहिजे की तिची हद्द कुठे संपते. ती हद्द माहीत नसली की माणूस एक तर हात लावत नाही, नाही तर सगळीकडे हात घालतो.

दुसरं मोठं वळण खात्यांचं. सीडी होती तोवर गेम कपाटात असे. आता तो खात्यात असतो, आणि खातं कुणाचं हा प्रश्न घरातल्या कागदपत्रांइतका गंभीर झाला आहे. पुष्कळ घरांत तो कुणी विचारलेलाच नसतो. यंत्र घेतल्या दिवशी दुकानातला मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलवर खातं काढून देतो, किंवा दादाचा मित्र त्याच्या खात्यावरून गेम उतरवून देतो. दोन वर्षांनी पासवर्ड लागतो तेव्हा दुकान बंद झालेलं असतं आणि मित्र बंगळुरूला गेलेला असतो. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही. स्वस्ताईच्या लोभाने किंवा नकळत परदेश निवडला की तिथल्या दुकानात आपलं कार्ड चालेनासं होतं. डाउनलोड केलेले गेम नेटशिवाय चालायला ते यंत्र खात्याचं मुख्य यंत्र म्हणून नोंदवावं लागतं. ती नोंद दुसऱ्याच्या घरी राहिली असेल तर ज्या दिवशी नेट जातं त्या दिवशी विकत घेतलेले गेमही कुलूपबंद होतात. सेव्ह केलेल्या खेळाची प्रत प्लेस्टेशन ४ मधून पेनड्राइव्हवर घेता येते. प्लेस्टेशन ५ च्या गेमची ती सोय नाही, तिथे वर्गणीचं क्लाउड लागतं. या गोष्टी आधी कळल्या तर फुकट आहेत. नंतर कळल्या तर कुठलाच मेकॅनिक त्या परत आणून देऊ शकत नाही.

मग पालकांच्या बंधनांचा प्रश्न येतो, आणि सगळ्यात जोरदार आक्षेप इथेच असतो. मुलावर विश्वास ठेवावा, कुलपं लावू नयेत. शिवाय मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, ती कुलूप काढतातच. दोन्ही म्हणणी ऐकण्यासारखी आहेत. कुलूप हा संवादाला पर्याय होऊ शकत नाही हे खरं. पण आज बहुतेक घरांत विश्वासाने ठरवून काही केलेलं नसतं, जे झालं ते आपोआप झालेलं असतं. प्लेस्टेशन ४ चा बंधनांचा आकडा मुळात ०००० असतो आणि कुणी तो बदलत नाही. मुलाचं खातं मुलाचं म्हणून काढलेलंच नसतं; वडिलांच्या नावाने मोठ्या माणसाचं खातं काढून मुलाच्या हाती दिलं जातं, आणि मग सीडीच्या खोक्यावर वयाची अट सांगणारा पेगीचा १८ हा आकडा ठळक छापलेला असूनही दहा वर्षांचं मूल तोच गेम खेळतं. कुटुंबाच्या खात्यात मुलाचं खातं जोडलं तर त्याची खर्चाची मर्यादा मुळातच शून्य असते. पालकाने वाढवली तरच वाढते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या आवर्ती वसुलीला आगाऊ सूचना आणि मंजुरीची अट घातली, त्यामुळे वर्गण्या गुपचूप कापल्या जाण्याला काहीसा आळा बसला. पण गेममधली नाणी आणि कपडे ही एकेकट्या खरेदीची बाब आहे, आणि तिथे राखण करते ती खात्याची सेटिंगच. मुलांना जास्त कळतं याचा अर्थ बटण कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं. घरात किती वाजेपर्यंत खेळायचं आणि महिन्याला किती खर्चायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्या माहितीतून येत नाही.

मोठी माणसं मागे का हटतात, याचं एक साधं कारण आहे. मोबाइल मराठीत चालतो, बँकेचं एटीएम मराठीत चालतं. कन्सोलच्या मेनूत मात्र मराठी नाही. डझनावारी इतर भाषा आहेत, आपली नाही. ज्या आईने घरातला प्रत्येक हप्ता तारखेला भरला, तिला ‘रिस्टोअर’ आणि ‘इनिशियलाइज’ यांतला फरक इंग्रजीत विचारला जातो आणि ती रिमोट मुलाकडे देते. हे तिचं अपुरेपण नाही, यंत्राचं आहे. आणि या मेनूत मोठ्यांच्याही उपयोगाचं पुष्कळ काही आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये मार्च २०१५ पासून अक्षरं मोठी आणि ठळक करण्याची, पडदा जवळ आणण्याची, रंगांचा विरोध वाढवण्याची आणि बटणांची अदलाबदल करण्याची सोय आली. सांधे धरलेल्या बोटांना अवघड पडणारं बटण दुसरीकडे नेता येतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सोफ्यावरून न दिसणारी अक्षरं दिसू लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये हाताने अधू असलेल्यांसाठी वेगळा रिमोटच बाजारात आणला. असं असताना मेनू म्हणजे मुलांचा प्रांत असं धरून चाललेल्या घरात आजोबा चष्मा पुसत बसतात, आणि कुणी ती एक नोंद चालू करत नाही.

छेडछाड केली की बिघडतं, हा शेवटचा आक्षेप. तो अनुभवातून आलेला आहे, म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. पण मेनूतल्या बहुतेक नोंदी उलट फिरवता येतात. चित्र, आवाज, नेट, रेस्ट मोड यांत काहीही चुकलं तरी सेफ मोडमधून मूळ सेटिंग परत आणता येते आणि गेम किंवा सेव्ह जात नाहीत. डेटाबेस रिबिल्ड केला तरीही जात नाहीत. उलट मंदावलेलं यंत्र पुष्कळदा त्यानेच सुधारतं. ज्या परत फिरत नाहीत अशा गोष्टी थोड्या आहेत आणि त्या पाठच कराव्यात: इनिशियलाइज, कारण ते सगळं पुसतं, खात्याचा देश, सेव्ह पुसून टाकणं, आणि अपडेट चालू असताना वीज बंद करणं. एवढ्या चार ठिकाणी थांबा, विचार करा, विचारा. बाकी ठिकाणी बिनधास्त हात घाला. आमच्या धंद्यात उलटं पाहायला मिळतं: आवाजाची साधी नोंद बदलायला घाबरणारी माणसं यंत्र मंद झालं की कुणीतरी सांगितलं म्हणून ‘फॉरमॅट मारतात’ आणि पोराचा दोन वर्षांचा खेळ पुसून टाकतात.

एवढं सांगितल्यावर मेकॅनिकचं काय काम उरलं, असं कुणी विचारेल. उरतं, आणि भरपूर उरतं. पंख्यात अडकलेली धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, रिमोटची झिजलेली काडी, वाकलेलं एचडीएमआयचं पोर्ट, उडालेला पॉवर सप्लाय, अमेरिकन एक्सबॉक्स ३६० चा ११० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर थेट आपल्या २३० च्या प्लगात खुपसल्यावर झालेला धूर, ही सगळी खरी दुरुस्ती आहे आणि तिचे पैसे द्यावेत. पण घराचं माप घ्यायचं काम मेकॅनिकवर सोपवू नये, दुकानदारावर तर मुळीच नाही. त्यासाठी फार काही लागत नाही. एक कागद घ्या. त्यावर मराठीतच लिहा: कन्सोल टीव्हीच्या कोणत्या पोर्टला आहे, गेम मोड चालू आहे का, रेस्ट मोड चालू की बंद, खातं कुणाच्या ईमेलवर आहे, मुख्य यंत्र कोणतं, खर्चाची मर्यादा किती, आणि परत न फिरणाऱ्या त्या चार गोष्टी. पासवर्ड आणि बंधनांचा आकडा वेगळ्या वहीत लिहून कपाटात ठेवा. कागद टीव्हीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. टीव्ही बदलला, घर बदललं किंवा मूल मोठं झालं की नवा लिहा. एका रविवारच्या सकाळी हे उरकतं आणि एक रुपयाही लागत नाही. मुलाला शेजारी जरूर बसवा, मेनू त्यालाच वाचायला सांगा. पण ते संपेपर्यंत रिमोट तुमच्या हातात असू द्या.